दोन तोड्यांमधला दिवस

पहाटे साडेपाच

काल तोडा झाला, उद्या पुन्हा आहे. मे महिन्याच्या उन्हात टोमॅटो थांबत नाही, दिवसाआड झाडं मोकळी करावी लागतात. मधला आजचा एकच दिवस गाडीचा. नारायणगावच्या मार्केटला आवक चढलीय, भाड्याची गाडी मागून मिळत नाही आणि गॅरेजमध्ये चौथ्या दिवशीचा नंबर लागला. म्हणून क्लच घरीच बदलायचा, अंगणातल्या चिंचेखाली. हे काम मी दोनदा दुसऱ्याच्या हाताखाली केलंय. माझ्या जबाबदारीवर आज पहिल्यांदाच.

आमची पिकअप २००९ सालची. पुढे डिझेल इंजिन, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांपर्यंत गेलेला प्रोपेलर शाफ्ट. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या पोकळीत दडलेला असतो. ताटाएवढ्या एका प्लेटसाठी गाडीचं अर्धं पोट उघडावं लागतं.

पंधरा दिवसांपूर्वी कल्याणला भाजी उतरवली आणि पेंडीच्या गोण्या भरून माळशेज चढत होतो. ॲक्सिलेटर दाबला की इंजिनाचा आवाज वर जायचा, गाडी मात्र होती त्याच चालीत. दोन वळणांनंतर करपल्यासारखा वास आला. घरी आल्यावर परीक्षा घेतली. सपाट जागेवर हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सावकाश सोडला. क्लच धड असेल तर इंजिन गचका देऊन बंद पडतं. आमचं बंद पडलं नाही, गुरगुरत राहिलं. ही परीक्षा एकदाच करायची. पुन्हा पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळते.

गिअर पडताना कुरकुर होत असती, तर आधी वरच्या-खालच्या सिलिंडरकडे आणि तेलाकडे पाहिलं असतं. पेडल दाबल्यावर खर्रर्र आवाज येत असता, तर रिलीज बेअरिंगवर संशय घेतला असता. पण भाराखाली घसरतोय म्हणजे प्लेट संपली. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट परवाच आणून ठेवलाय. तिन्ही एकदम बदलायची. एक जुनं ठेवून दोन नवी घालणाऱ्याला हेच काम वर्षभरात पुन्हा करावं लागतं.

सहा

कामाआधीचं काम. बॅटरीची अर्थ काढली. पुढे स्टार्टर सोडवायचाय, आणि त्याची जाड वायर थेट बॅटरीतून येते. पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडून हात भाजतो.

मग गाडी उचलली. पुढच्या चाकांना आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, जॅकने वर आणि चेसीखाली चार लोखंडी घोड्या. आमच्या भागात विटांच्या थरावर किंवा सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवणारे अजून आहेत. तो ब्लॉक भार सोसता सोसता कसलीही सूचना न देता फुटतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर मी अंगठाही घालणार नाही. घोड्यांवर गाडी बसल्यावर पुतण्याला सांगितलं, "आता हलव, जोर लावून हलव." त्याने खांदा लावला. गाडी जागची हलली नाही, तेव्हा खाली गेलो.

पाने गोणपाटावर ओळीने मांडले. १० पासून १९ पर्यंतचे रिंग पाने, बॉक्स पाने, लांब एक्स्टेन्शन, वाकणारा सांधा, टॉर्क पाना, पहार. सोडवलेल्या नटबोल्टांसाठी सहा वाट्या, प्रत्येकीवर खडूने जागेचं नाव.

सात

आधी गिअर ऑइल टाकीत काढलं. आधी का, तर प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटातून बाहेर ओढलं की तेल भळभळा तोंडावर येतं. तेल बोटांत चोळून पाहिलं. पिवळसर चमक आहे, पितळेची धूळ. ती जुन्या गाडीत असणारच. लोखंडाचे कण लागले असते तर काळजी होती.

शाफ्ट सोडवण्याआधी मागच्या फ्लँजवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढली. शाफ्ट तोल साधून बसवलेला असतो. अर्धा फेरा चुकून बसला तर साठच्या वेगाला अख्खी गाडी थरथरते आणि मग माणूस चाकांमध्ये दोष शोधत बसतो. चार बोल्ट मागे, दोन मधल्या बेअरिंगचे. निघाला.

आठ

केबिनमधून गिअरचा दांडा काढला. खाली मीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, मग क्लचचा खालचा सिलिंडर. याचा पाइप उघडायचा नाही. दोन बोल्ट काढून सिलिंडर तसाच बाजूला तारेने बांधून ठेवायचा. आणि या वेळात कुणी वर बसून क्लच पेडल दाबलं तर आतला दट्ट्या बाहेर उडतो, म्हणून पेडलला फडकं गुंडाळून त्यावर "दाबू नये" असा कागद बांधला. घरात मुलं आहेत, आणि उघड्या दाराच्या गाडीचं स्टिअरिंग मुलांना बोलावतंच.

स्टार्टर हातात घेतला तेव्हा त्याचं वजन कळलं. तो वायरवर लोंबकळत ठेवू नये.

नऊ

बायकोने चहा आणला. आप्पा ओट्यावर येऊन बसले. तीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला. आता डोळा कमी झालाय, कान मात्र तसाच तल्लख. ते म्हणाले, "इंजिनाला टेका दिला का?" दिला नव्हता. पुढची पायरी तीच होती, पण त्यांनी विचारलं हे बरं झालं. गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी काढली की इंजिन मागे झुकतं, कारण मागचा आधार तोच असतो. दुसरा जॅक इंजिनाखाली लावला, मध्ये जाड लाकडी फळी. जॅकचं लोखंड थेट तेलाच्या चेंबरला लागलं तर पत्रा दबतो.

पट्टी काढल्यावर इंजिन चार बोटं खाली घेतलं. याचा एक फायदा आहे: गिअरबॉक्सच्या तोंडाकडच्या बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट, जे एरवी हाताला लागत नाहीत, ते आता लांब एक्स्टेन्शनला लागतात. त्या दोन बोल्टांनी तीन पाव तास खाल्ले. गंजले होते. डिझेलचे थेंब सोडले, थांबलो, हलके ठोके दिले, पुन्हा थांबलो. जोर लावून बोल्टचं डोकं गोल झालं तर दिवस तिथेच संपतो. पुतण्याला घाई होती. त्याला म्हटलं, "बोल्टाला घाई कळत नाही बाळा."

पावणेअकरा

गिअरबॉक्स खाली. एका जॅकवर तो तोलला, पुतण्याने शेपूट धरलं, मी तोंड. सरळ मागे ओढत न्यायचा. बाहेर येईपर्यंत त्याचा भार आतल्या क्लच शाफ्टवर पडू द्यायचा नाही, नाहीतर शाफ्ट प्लेटच्या मधल्या दात्यांवर लोंबतो. जुनी प्लेट तर फेकायचीच आहे, पण शाफ्ट फेकायचा नाही.

पोकळीत काळी भुकटी साचली होती. पुतण्याने सायकलचा पंप आणला, फुंकायला. मी त्याचा हात धरला. क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत. त्याचे तंतू छातीत गेले की राहतात, आणि त्यांचा त्रास पुष्कळ वर्षांनी वर येतो. कोणत्या प्लेटीत ते आहे आणि कोणत्या नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून तोंडाला रुमाल नव्हे, मास्क लावला, औषध फवारायच्या छोट्या पंपात साधं पाणी भरून भुकटी भिजवली, ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. गॅरेजमध्ये उघड्या तोंडाने हवा मारणारी पोरं मी रोज पाहतो. त्यांना हे सांगणारं कुणीतरी पाहिजे.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरचे, एकेक फेरा सैल करत काढले. आत स्प्रिंगचा दाब असतो. एका बाजूचे आधी काढले तर कव्हर वाकडं होतं. शेवटचा बोल्ट निघाला आणि जुनी प्लेट हातात आली.

ही प्लेट मी बराच वेळ पाहत बसलो. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलं होतं. डोक्याच्या वर ०.३ मिलिमीटर उरलं की बदला, असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आमच्या प्लेटीवर काहीच उरलं नव्हतं. प्लेट जिथे टेकते त्या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दोन रिव्हेटांनी गोल चरे पाडले होते. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग, म्हणजे तापून धातूचा रंग बदललेला. रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू चावल्यासारखं. आणि प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्यांची टोकं घासून चकचकीत झालेली.

ही शेवटची खूण महत्त्वाची. पाकळ्यांना बेअरिंग टेकतं ते पेडल दाबल्यावर. पेडल पूर्ण सोडलेलं असेल तर त्यांच्यावर भार नसतो. म्हणजे कुणाचा तरी पाय पेडलवर कायम टेकलेला असायचा. ही गाडी मी एकटाच चालवतो.

आप्पांना जुनी प्लेट दिली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "पाय ठेवून चालवतोस," म्हणाले. "घाटात थांबलास की ब्रेकवर थांबत नाहीस, हाफ क्लचवर गाडी धरतोस. आणि ऐंशी क्रेट भरतोस."

सगळं खरं होतं. भरलेला क्रेट वीसेक किलोचा. ऐंशी म्हणजे सोळाशे किलो, क्रेटचं वजन वेगळं. हंगामात भाव चांगला असला की आम्ही सगळेच भरतो. गाडी ओढते म्हणून वाटतं की तिला चालतंय. जे ओढवतं ते कुठून वजा होतं, ते आज माझ्या पुढ्यात होतं.

बारा

फ्लायव्हील काढलं. उतरवण्याआधी त्यालाही खूण केली. दाते अडकवायला पुतण्याने जाड स्क्रूड्रायव्हर धरला. मोटारसायकलवर गोणपाटात बांधून पुतण्या नारायणगावला लेथवर घेऊन गेला. चरे पडलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवली तर ती नीट टेकत नाही, गाडी सुटताना धडधडते. लेथवाल्याने तोंड सपाट केलं तरच नव्या प्लेटीचा उपयोग.

तो परत येईपर्यंत मी दोन गोष्टी पाहिल्या. इंजिनाच्या मागचं ऑइल सील कोरडं होतं, तरी नवं बसवलं. ते पुढे गळलं तर तेल थेट प्लेटीवर उतरतं, आणि तेल प्यालेली प्लेट धुऊन सुधारत नाही. दुसरं पायलट बेअरिंग, क्रँकच्या टोकात बसलेलं अंगठ्याएवढं. त्यात गिअरबॉक्सचा शाफ्ट टेकतो. ते तपकिरी आणि कोरडं होतं. मागच्या वेळी क्लच बदलला तेव्हा कुणीतरी ते तसंच ठेवलेलं. ते मागून पकडता येत नाही. भोकात ग्रीस ठासायचं, भोकाच्या मापाची सळई लावायची आणि हातोडीने ठोकायचं. ग्रीसला जायला जागा नसते, म्हणून ते बेअरिंगलाच मागून बाहेर ढकलतं. काहीजण ग्रीसऐवजी ओला पाव भरतात, त्यानेही निघतं. चौथ्या ठोक्याला बेअरिंग बाहेर आलं.

दीड

पिठलं, भाकरी, कांदा. साबणाने तीनदा धुतले तरी हात काळेच.

अडीच

फ्लायव्हील आलं. आरशासारखं नाही, पण सपाट आणि एकसारखं. खुणेवर बसवलं, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. मग तोंड पुसलं, आणि त्यानंतर त्याला उघडा हात लावला नाही. बोटाचं ग्रीसही तिथे नको.

नव्या प्लेटीला दोन बाजू असतात. एका बाजूला कंपनीने "फ्लायव्हील साइड" असं छापलेलं असतं, मधला उंचवटा सहसा गिअरबॉक्सकडे. उलटी बसवणारे असतात, आणि सगळं जोडून झाल्यावर गाडीचा क्लच सुटतच नाही. प्लेटीच्या दात्यांना आणि शाफ्टला ग्रीसचा नुसता हात फिरवला, जास्तीचं पुसून काढलं. जास्त लावलेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जातं. नवं रिलीज बेअरिंग तेलात, डिझेलमध्ये काही धुतलं नाही. त्यात आयुष्यभराचं ग्रीस भरलेलं असतं. ते धुऊन निघालं तर बेअरिंग महिनाभरात ओरडायला लागतं.

प्लेट नेमकी मध्यावर यावी म्हणून प्लॅस्टिकचा खोटा शाफ्ट मिळतो. आमच्या सेटबरोबर तो आला नव्हता. मी बाभळीचं लाकूड तासून, त्याला टेप गुंडाळून एक केला. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत आणले आणि खुंटी काढून घेतली. डोळ्याला मध्य बरोबर दिसला.

साडेतीन

गिअरबॉक्स वर चढवायला घेतला.

सव्वापाच

गिअरबॉक्स बसला नव्हता.

पावणेदोन तास आम्ही त्याच्याखाली होतो. शाफ्ट प्लेटीच्या दात्यांत शिरायचा, आणि शेवटी दोन बोटांची फट राहायची. गिअरमध्ये टाकून मागचं टोक फिरवलं, दाते जुळवले. जॅक एक दोरा वर, एक दोरा खाली. इंजिनाचा झुकाव बदलला. बाजूंना दोन लांब बोल्ट डोकी कापून मार्गदर्शक म्हणून लावले, त्यावरून सरकवत नेलं. तीच दोन बोटं. घाम डोळ्यांत, हात थरथरायला लागले.

पुतण्या म्हणाला, "तात्या, बोल्ट लावून आवळू. ओढला जाईल."

हा मोह फार मोठा असतो. संध्याकाळ होत आलेली, उद्याचा तोडा, फट एवढीशी. बोल्टच्या जोराने गिअरबॉक्स ओढला जातो हे खरं, पण शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगच्या भोकात नसून काठावर टेकलेलं असेल, तर एकतर बेअरिंग फुटतं नाहीतर बेल हाउसिंगचा कान तुटतो. ॲल्युमिनियमचा कान तुटला की क्लचचं काम राहत नाही, गिअरबॉक्सचं होतं. हाताने जो बसत नाही तो पान्याने बसवायचा नाही. मी म्हटलं, "उतरवू."

उतरवला. बॅटरी आत धरून पाहिलं. प्लेट खाली सरकली होती, जेमतेम दीड मिलिमीटर. माझी बाभळीची खुंटी पायलट बेअरिंगच्या टोकाला सैल होती. टेप एक वेटोळं कमी पडली होती. चूक माझीच, दुपारच्या दोन मिनिटांची. वेटोळी वाढवली. खुंटी बेअरिंगमध्ये हाताने दाबून बसेल आणि हलणार नाही, इतकी घट्ट केली. बोल्ट सैल करून प्लेट पुन्हा मध्यावर आणली, पुन्हा आवळली.

दुसऱ्या खेपेला गिअरबॉक्स आत गेला आणि "टक्" असा बारीक आवाज करून इंजिनाला टेकला. आवळावा लागला नाही. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "बसला." त्यांना दिसत नव्हतं, ऐकू आलं.

साडेसहा

आता उलटी गिनती भराभर. बेल हाउसिंगचे बोल्ट, आडवी पट्टी, स्टार्टर, मीटरची केबल, रिव्हर्सची वायर, शाफ्ट रेघेला रेघ जुळवून. गिअर ऑइल लेव्हलच्या बुचातून बाहेर येईपर्यंत भरलं. वाट्या एकेक रिकाम्या होत गेल्या. शेवटी एकही बोल्ट उरला नाही, हे दोघांनी मोजून पाहिलं.

क्लचच्या टाकीतलं ब्रेक ऑइल चहासारखं झालं होतं. ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून नुसतं वरून भरून भागत नाही. जुनं पूर्ण काढून नवं घातलं आणि हवा काढली. पुतण्या वर, मी खाली. "दाब. धर. सोड." निप्पलला लावलेल्या नळीतून बुडबुडे येईनासे झाले तेव्हा पेडल कडक झालं. बंपरवर सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुतले, ते रंग खातं.

साडेसात

घोड्या काढल्या. बॅटरी जोडली. पेडल दाबून पहिला गिअर टाकला. आवाज न करता पडला. रिव्हर्सही. पेडल आता वरच्या टोकाला नव्हे, मध्यावर धरतं. कालव्याच्या भरावावर चढ आहे, तिथे रिकामी गाडी दुसऱ्यात चढवली. इंजिनाचा आवाज आणि गाडीची चाल एकमेकांना धरून होते. वास नाही, थरथर नाही. तिसऱ्या गिअरची परीक्षा आज घेतली नाही. नवी प्लेट फ्लायव्हीलशी एकजीव व्हायला काहीशे किलोमीटर लागतात, तोवर तिला ताण द्यायचा नाही.

परत येताना लक्षात आलं, डावा पाय दोनदा नकळत पेडलवर जाऊन बसला होता. दोन्ही वेळा उचलून खाली पत्र्यावर ठेवला.

साडेआठ

गाडीच्या वहीत लिहिलं: मीटर २,१४,६३०. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, मागचं सील. फ्लायव्हील लेथवर मारलं. दोन्ही तेलं नवी.

भावकीतल्या एकाला फोन केला. त्याच्या टेम्पोत उद्या जागा आहे. आमच्या गाडीत चाळीस क्रेट, उरलेले त्याच्याकडे.